सांग बघू, काय समजलं?

सोलापुरात चौतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर एक जुना विद्यार्थी, आता डॉक्टर, घरी आला. "बाई, आमच्या एथिक्स कमिटीवर याल का?" औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या या समितीत डॉक्टर नसलेलं, साध्या माणसाच्या नजरेनं वाचणारं कुणीतरी असावंच लागतं. तेव्हापासून रुग्णांना द्यायचं मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र वाचणं हे माझं काम.

पहिल्याच पत्रकात 'यादृच्छिकीकरण' होतं, 'छद्म औषध' होतं. 'सहभाग मागे घेण्याचा आपला अधिकार अबाधित राहील' हेही होतं. मराठीच्या बाईला दोनदा वाचावं लागलं, तर दिवसभर विड्या वळून पाठ धरलेल्या बाईनं काय करायचं? त्यात आमच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगूच बोलतात.

समितीचे कागद बाहेर दाखवता येत नाहीत. म्हणून फक्त ते शब्द घेऊन मी आमचा जिना झाडणाऱ्या मावशींना समजावून पाहिलं. कुणाला कुठली गोळी हे डॉक्टरही ठरवत नाहीत, चिठ्ठी उचलल्यासारखं ठरतं. एका गोळीत औषध, हुबेहूब तशाच दुसरीत काहीच नाही. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "म्हंजे मला बिनऔषधाची बी मिळंल? मग आदीच्या गोळ्या चालू ठिवायच्या का बंद?" समितीतल्या एकानंही हे विचारलं नव्हतं. पुढच्या बैठकीत मी विचारलं, आणि पत्रकात उत्तर आलं, साध्या मराठीत.

2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस देण्याचा प्रकल्प झाला. संसदीय समितीच्या 2013 च्या अहवालात त्याच्या संमतीपत्रांचा हिशेब आहे: 9,543 पैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केलेल्या, 1,948 वर अंगठे. लसीबद्दल माझी तक्रार नाही, ती आज जगभर मुलींना देतात. पण आईबापांना विचारायचं राहिलं, ते मला आजही सहन होत नाही.

2013 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं औषधांच्या चाचण्यांसाठी संमती घेतानाचं व्हिडिओ चित्रीकरण करायला सांगितलं. 2019 च्या औषध-चाचणी नियमांनी ते नव्या रेणूंच्या, म्हणजे आधी औषध म्हणून न वापरलेल्या रसायनांच्या, चाचण्यांत, दुर्बल गटातल्या लोकांसाठी, कायम ठेवलं. वाचता न येणाऱ्यासाठी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, आणि तो सगळं बोलणं होईपर्यंत तिथं हजर हवा. एका ठिकाणी पाहणीला गेले, तेव्हा साक्षीदाराच्या सह्या वॉर्डातल्या मामांच्या निघाल्या. मामा म्हणाले, "म्याडम, मला नंतर बोलावत्यात, सही करायला." व्हिडिओत रुग्ण बाईंना विचारलं होतं, "समजलं ना?" बाई म्हणाल्या, "हो." संपलं.

वर्गात 'समजलं का' विचारलं की साठच्या साठ पोरं 'हो' म्हणतात. 'सांग बघू काय समजलं' म्हटलं की कळतं. मी तेवढंच लिहून दिलं: रुग्णाकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्या, कागद घरी नेऊ द्या, उत्तर दुसऱ्या दिवशी घ्या. बुडालेल्या मजुरीचाही विषय काढला. विडीच्या ब्रांचला माल द्यायचा दिवस चुकला तर त्या घरात आठवडाभर ओढाताण होते.

परवा पुन्हा गेले होते. रक्तदाबाच्या एका बाईंनी कागद मुलीकडून वाचून घेतला होता. चाचणीचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरनं विचारलं, तर त्यांनी चिठ्ठीचं सांगितलं, दर पंधरा दिवसांनी रक्त काढतात तेही सांगितलं. मग हळूच विचारलं, "नको म्हटलं तर इथलं औषध बंद नाही ना होणार?"

"नाही मावशी. अजिबात नाही."

"मग नको."

कोऑर्डिनेटरनं वहीत 'नकार' लिहिलं. बाई उठल्या, खाली खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन घरी गेल्या.