तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला रोलर कोस्टरमध्ये बसवू का?

मे महिना लागला की आमच्या कळव्याच्या सोसायटीची खोपोलीच्या मनोरंजन पार्कची सहल ठरते, आणि मग जिन्यात, लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत एकच प्रश्न येतो: "काका, तुम्ही रेल्वेत होतात ना, मग सांगा, ते रोलर कोस्टर सेफ असतं का हो?" यंदा समोरच्या वहिनींनी विचारलं. त्यांना लिफ्टमध्ये अर्धवट उत्तर दिलं, ते इथे पुरं करतो.

रेल्वेत म्हणजे सिग्नल खात्यात. ३१ वर्षं. गाडी रुळावरून उडेल का, ही वहिनींची भीती. पण लोकलचं चाक रुळावर नुसतं टेकलेलं असतं, कोस्टरची चाकं रुळाला वरून, बाजूने आणि खालून धरून असतात. खालच्या चाकाचं पेटंट जॉन मिलर नावाच्या अमेरिकनाने १९१९ साली घेतलं. चढावर जो टक-टक आवाज येतो आणि ज्याने निम्म्या लोकांच्या पोटात गोळा येतो, तो तर दिलासा आहे. साखळी तुटली तरी डबा मागे घसरू नये म्हणून खिटी एकेका खाचेत पडत जाते, तिचा तो आवाज. शेवटचे ब्रेक बऱ्याच ठिकाणी चुंबकाचे, म्हणजे वीज गेली तरी लागणारे.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एका ब्लॉक सेक्शनमध्ये, म्हणजे रुळाच्या एका ठरवलेल्या तुकड्यात, एकच गाडी, हा आमचा पहिला धडा. पुढची गाडी बाहेर पडल्याशिवाय मागचीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी, नाही. कोस्टरवर एकाच वेळी दोन-तीन गाड्या फिरत असतील, तर तिथेही हेच. रुळाचे तुकडे पाडलेले असतात, पुढचा तुकडा मोकळा नसेल तर कॉम्प्युटर मागची गाडी आपोआप थांबवतो. २ जून २०१५ ला इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्समध्ये ‘स्मायलर’ नावाच्या कोस्टरवर त्याने तेच केलं होतं. एक रिकामी गाडी मध्येच अडकून पडली होती, म्हणून १६ जणांची गाडी त्याने रोखली. खालच्या कर्मचाऱ्यांना वाटलं, पुढे गाडी नाहीच, कॉम्प्युटर चुकतोय. त्यांनी त्याला बाजूला सारून गाडी सोडली, ती अडकलेल्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला, मालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. सिग्नल लाल दिसतोय म्हणजे तो बिघडलाय, असं ठरवून टाकणारी माणसं मी नोकरीत पाहिली आहेत. डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे यंत्रणा बंद करतोय अशी लेखी सूचना, दिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा नियम अशांसाठीच होता.

म्हणून उंची बघून मी घाबरत नाही. खोपोलीचं ‘नायट्रो’ कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे, पायाखाली जमीनच नाही, तरी त्यात मी बसलो. जत्रेतला कोलंबस मात्र चार पुरुष उंचीचा असला तरी आधी खाली उभा राहून बघतो. रातोरात उभा केलेला सांगाडा, खाली लाकडी ठोकळे. एकदा ठाण्यात अशाच एका मैदानात टोराटोराच्या दांड्याला पिनेऐवजी बांधकामाची तार पिळलेली दिसली. नातवाला उचलून खाली घेतलं. "आजोबा, पैसे वाया गेले," म्हणून तो आठवडाभर रुसला होता. कायमस्वरूपी जागा आहे म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. अहमदाबादला कांकरियाला जुलै २०१९ मध्ये लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून पडला, दोघं गेले. दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये कोस्टरवरून पडून एक तरुणी दगावली.

बाकी दुखापती साध्या असतात. मान अवघडते, पाठ भरते, डोकं आपटतं. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पूर्ण गोल फेरा असलेला कोस्टर होता, त्यात लोकांच्या मानांना असे झटके बसायचे की विचारू नका. आता फेरा अश्रूच्या थेंबासारखा करतात, वर अरुंद, खाली पसरट, म्हणजे भार हळूहळू चढतो. तरी मणक्याचं दुखणं, हृदयविकार, गरोदरपण असेल तर पाटी वाचून मुकाट्याने बाहेर बाकावर बसावं. तिथे पर्स आणि चष्मे सांभाळायला कोणीतरी लागतंच.

आणि वहिनी, ती उंचीची पट्टी. गेल्या वर्षी रांगेत एक आई पोराला टाचा उचलून उभं राहायला शिकवत होती. ती पट्टी पोराच्या हिमतीची परीक्षा नाही. मांडीवर येणारा दांडा एका ठरावीक मापाच्या अंगाला धरतो, त्याहून लहान अंग वरच्या झटक्यात खालून निसटू शकतं. तिथला पोरगा दांडा दोनदा ओढून बघत असेल, एखाद्याला उठवून परत पाठवत असेल, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

चिन्मयची उंची घरीच मोजून ठेवा. बूट काढून.