एक दालन, एक ताट

सकाळी निघून रात्री आपल्याच अंथरुणावर झोपायला परत यायचे, ही आमच्या घरात सहलीची सर्वमान्य व्याख्या आहे. सासूबाईंना परक्या उशीवर झोप लागत नाही, सासऱ्यांना सकाळचे वर्तमानपत्र हाती पडल्याखेरीज दिवस उजाडल्यासारखे वाटत नाही, आणि मुलांच्या शाळांना सुट्टी असते तेव्हा आमच्या कचेऱ्यांना नसते. त्यामुळे लांबचे प्रवास आमच्याकडे बहुतेक करून बेतांतच राहतात. नागपूरकराने याची फार खंत करावी असेही नाही. रामटेक सुमारे ५० किलोमीटरांवर आहे, सेवाग्राम फार तर ८० भरेल, अदासाचा गणपती करून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते, आणि शहराच्या पोटातच पाहण्यासारखे इतके आहे की आपण ते पाहिलेले नाही, हे बाहेरगावचे पाहुणे आल्यावरच लक्षात येते.

अशा लहान सहलींसाठी सासूबाईंनी एक नियम घालून दिला आहे. एका दिवसात एकच गोष्ट नीट पाहायची आणि एकच पदार्थ नीट खायचा. हा नियम त्यांनी आपल्या गुडघ्यांच्या सोयीसाठी केला असावा, असा आम्हा सर्वांचा प्रारंभी समज होता; पण सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत पाच ठिकाणे ‘करणारी’ कुटुंबे दुपारी तीनच्या सुमारास एकमेकांशी कशी बोलतात, हे ज्याने एकदा ऐकले आहे त्याला या नियमातील शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नियमाची खरी परीक्षा होते ती अजब बंगल्यात. सिव्हिल लाइन्समधील हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे, म्हणजे सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते त्या काळातले. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, दगडी मूर्ती, शिलालेख, शस्त्रे, चित्रे, आदिवासींच्या जीवनातील वस्तू असे सगळे एकाच छताखाली असल्यामुळे, दारातून एकत्र शिरलेले कुटुंब दहा मिनिटांत चार दिशांना पांगते. सासरे तलवारींपाशी थबकतात, सासूबाई आदिवासी स्त्रियांच्या दागिन्यांची घडण न्याहाळतात, धाकटी मुलगी प्राण्यांच्या काचेला नाक लावून उभी असते, आणि आमचे हे, ज्यांना संग्रहालयात नेमके काय करावे हे कधीच कळलेले नाही, बाहेर पडण्याच्या दाराची दिशा पाहून ठेवतात. मग गाडीत बसल्यावर प्रत्येकाने वेगळेच काही पाहिलेले असल्यामुळे बोलण्यासारखे कोणाकडेच काही उरत नाही. म्हणून आता आम्ही तिकीट काढतानाच दालन ठरवतो आणि त्या एकाच दालनात सर्वांनी बरोबर राहायचे, अशी सक्ती करतो. सक्ती हा शब्द सहलीच्या संदर्भात बरा दिसत नाही, परंतु त्याचे फळ चांगले मिळते.

एका खेपेला आमच्या वाट्याला पुराणवस्तू आल्या आणि त्यांत गुंगेरियाची तांब्याची अवजारे. बालाघाट जिल्ह्यातील या गावी १८७० साली गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला, आणि खणल्यावर तांब्याची ४२४ अवजारे व चांदीचे १०२ पत्रे असा साठा हाती लागला. त्यातील काही वस्तू लंडनला गेल्या, काही इथे आहेत. मी हे माझ्या मुलाला वाचून दाखवले तेव्हा कुऱ्हाडींच्या जाड पात्यांपेक्षा गुरे राखणारी पोरेच त्याच्या मनात अधिक भरली. तेव्हापासून आम्ही कुठेही गेलो की हा मुलगा काठीने जमीन टोचत चालतो. आजवर त्याला बाटल्यांची झाकणे सापडली आहेत, पण त्याची चिकाटी पाहता पुरातत्त्व खात्याने निर्धास्त राहू नये. सगळी दालने फिरलो असतो तर त्या पोरांच्या गोष्टीपाशी आम्ही थांबलोच नसतो, एवढे मात्र मी खात्रीने सांगते.

त्याच १८६३ सालाची दुसरी एक गोष्ट वर्धा रस्त्यावर सांगण्यासारखी आहे आणि ती मी बुटीबोरी जवळ आल्यावर राखून ठेवलेली असते. ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. पण धर्मप्रचाराइतकाच त्यांचा जीव इथल्या दगडांत, जीवाश्मांत आणि गोंडांच्या परंपरांत गुंतलेला होता. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यासाठी ते टेंपल यांच्याबरोबर गेले आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी परतीच्या वाटेवर पुराने फुगलेला ओढा ओलांडताना बुडून मरण पावले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे पुढे टेंपल यांनीच छापवून घेतली. आज त्याच भागातून ताशी शंभराच्या वेगाने जाताना मागच्या आसनावरील मंडळी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहतात, आणि धाकटी ‘ओढा कुठे आहे’ असे विचारून मला दर वेळी अडचणीत आणते. शिळावर्तुळांसाठी एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. काटोल रस्त्यावर जुनापाणीला ती शेकड्यांनी आहेत. हे दोन हजार वर्षांहून जुने दफनांचे दगड उघड्या माळावर पडलेले आहेत, आणि तिथे आम्हाला सहकुटुंब आलेले दुसरे कोणी अद्याप भेटलेले नाही. गर्दीच्या ठिकाणांवर नाराज असणाऱ्यांनी तिकडे जावे. मात्र पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घरूनच घ्याव्यात.

मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाची तऱ्हा वेगळी आहे. २००२ साली सुरू झालेल्या या जागी जुनी इंजिने, डबे, कंदील, सिग्नलची यंत्रणा आहे, आणि आवारात फिरणारी छोटी गाडी असल्यामुळे मुलांची समजूत काढावी लागत नाही. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सातपुड्याच्या जंगलांतून धावणाऱ्या गाड्यांचा हा संसार. आम्ही इथे मुलांसाठी गेलो होतो, पण त्या दिवशी सहल झाली ती सासूबाईंची. छिंदवाड्याला त्यांचे आजोळ. लहानपणी त्या याच गाडीने जात असत. लाकडी बाकाच्या डब्यासमोर उभ्या राहून, चढावावर गाडी इतकी मंद होई की पोरे खाली उतरून बोरे तोडून पुन्हा चढत, असे त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता आमच्या भोवती दुसऱ्या दोन कुटुंबांतली मुलेही गोळा झाली. बोरांच्या गोष्टीत कितपत अतिशयोक्ती आहे, हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. छोट्या रुळांची ती गाडी आता छिंदवाड्याला जात नाही. तिथे मोठे रूळ आले. आपण जिच्यातून प्रवास केला तीच वस्तू दोरीच्या पलीकडे ठेवलेली पाहताना माणसाला काय वाटत असेल, असा प्रश्न मला पडला होता. परंतु सासूबाई तर अत्यंत खुशीत होत्या आणि परतताना डब्याच्या खिडकीची एक सळई बदललेली आहे, अशी तक्रार त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याकडे नोंदवली.

झिरो माइलबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. वालुकाश्माचा खांब, चार घोडे, १९०७ सालचे सर्वेक्षणाचे प्रमाणचिन्ह आणि निरनिराळ्या गावांची अंतरे, एवढे पाच मिनिटांत पाहून होते. भारताचा मध्य खरोखर इथेच आहे काय, यावरचा वाद मात्र घरी पोहोचेपर्यंत पुरतो. दीक्षाभूमीवर सासूबाईंचा नियम आपोआपच पाळला जातो, कारण तिथे दालन एकच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जिथे बौद्ध धम्म स्वीकारला, त्या जागेवरचा हा स्तूप २००१ साली खुला झाला. आतून पोकळ असलेल्या त्या भव्य गोल सभागृहात शिरल्यावर आमची बडबडी धाकटीसुद्धा आवाज आपण होऊन खाली आणते. विजयादशमीच्या सुमारास इथे देशभरातून जनसागर लोटतो; तो सोहळा एकदा पाहावाच, पण लहान मुलांना जागा दाखवायची असेल तर साधा आठवड्याचा दिवस निवडावा.

आता ताटाकडे वळते, कारण आमच्या घरातील निम्मे सदस्य त्यासाठीच गाडीत बसतात. शहरातल्या सहलीची सुरुवात तर्री पोह्यांनी करावी, यावर आमच्यात दुमत नाही. वाफेवर गरम राहिलेले पोहे, वरून हरभऱ्याची लालभडक झणझणीत तर्री, कच्चा कांदा, थोडा चिवडा आणि हिरवागार सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दचकू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) कस्तुरचंद पार्कच्या बाजूला गाडीपाशी उभे राहून, नाक पुसत पुसत ते खायचे असतात. बसून, काट्याचमच्याने, हॉटेलच्या थंड खोलीत खाल्लेले तर्री पोहे हे माझ्या मते निराळेच खाद्य आहे आणि त्याला निराळे नाव द्यावे. हा पदार्थ सकाळचा असल्यामुळे ‘चला नं, तर्री संपून जाईल मग’ ही सासऱ्यांची हाक आमच्या घरात गजराच्या घड्याळाचे काम करते.

सावजी जेवणाचा क्रम मात्र पाहणे उरकल्यानंतरच लावावा. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून ही पाककृती शहरभर पसरली. सुके खोबरे, खसखस, दगडफूल, मिरी, लवंग असे जिन्नस भाजून वाटलेला काळपट मसाला आणि त्यावर तरंगणारा तेलाचा तवंग ही तिची ओळख. मटण न खाणाऱ्यांसाठी पाटवडीचा रस्सा असतो आणि तो तिखटपणात यत्किंचितही मागे नसतो. एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर आम्ही आधी सावजी आणि मग संग्रहालय असा उलटा क्रम लावला. त्या दुपारी एकाही मूर्तीकडे कोणाचे लक्ष नव्हते. सर्वांचे पाण्याच्या कूलरकडे होते. मुलांना रस्सा बाजूला ठेवून नुसती पाटवडी आणि भाकरी द्यावी. तिखटाची सवय ही वयाबरोबर येते, ती सहलीच्या दिवशी लावू नये. हिवाळ्यात, सांबार स्वस्त झाला की, पुडाच्या वडीचा मोसम येतो आणि त्या दिवसांत आमच्या सहलींचा मार्ग पाहायच्या जागेपेक्षा वडीच्या दुकानावरून ठरू लागतो, हे मी नाकारत नाही.

गावाबाहेरची उदाहरणे अशीच. सेवाग्रामला बापूकुटीजवळ साप धरण्याचा चिमटा आणि धरलेला साप दूर सोडण्यासाठी ठेवायचा पिंजरा आहे. विषारी जिवालाही मारायचे नाही म्हणजे रोजच्या व्यवहारात काय करायचे, हे मुलांना त्या पिंजऱ्यापाशी जेवढे कळले तेवढे माझ्या प्रवचनाने कळले नसते. त्या दिवशीचा पदार्थ अर्थात वर्ध्याचा गोरसपाक, आणि तो घरासाठी घेतलेला पुडा बुटीबोरीपर्यंतही टिकत नाही. रामटेकला पाहण्यासारखे फारच आहे. वाकाटकांच्या काळातील नरसिंहाची मंदिरे आहेत, गडावरचा राम आहे, कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलेले आहे. आम्ही वराहाची भली मोठी मूर्ती निवडली. तिच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो निष्पाप, अशी लोकांची समजूत असल्यामुळे मुले एका दमात पार झाली, मी थोडी अडकले, आणि आमचे हे छायाचित्रे काढण्याचे निमित्त करून लांब उभे राहिले.

सीताबर्डीचा किल्ला तेवढा बाकी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची आणि इंग्रजांची जिथे लढाई झाली, त्या टेकडीखालून आम्ही रोज येतो-जातो; पण किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तो सर्वांसाठी वर्षातून मोजक्या दिवशीच उघडतो. येत्या २६ जानेवारीला जायचे ठरले आहे. सासऱ्यांचे म्हणणे, पोहे आधी खाऊन घ्यावेत, कारण रांग मोठी असते. सासूबाईंचे म्हणणे, जानेवारी आहे तर पुडाची वडीच खावी आणि तीही उतरल्यावर. मुलाने आपली काठी न्यायची परवानगी मागितली आहे. लष्करी हद्दीत ती आत जाऊ देणार नाहीत, हे त्याला कोणी सांगायचे, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.