सातारा हिल हाफ, पहिल्यांदाच: जून ते सप्टेंबरचा लॉग

आमच्या ग्रुपमधले बरेच जण विचारत होते की सपाटीवरचे हाफ मॅरेथॉन झालेत, आता साताऱ्याच्या घाटातल्या हाफला जायचं तर वेगळं काय करायचं, म्हणून डायरीतलं जेवढं उपयोगाचं वाटलं तेवढं इथे लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. घाट चढायची तयारी सगळे करतात, उतरायची फार थोडे करतात, आणि या रेसचा निकाल उतारावर लागतो.

रूट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पोलीस परेड ग्राउंडवरून सुरुवात, मग शहरातून समर्थ मंदिर, बोगद्यापाशी पोचलं की यवतेश्वरचा घाट सुरू, वर कास रस्त्याला प्रकृती रिसॉर्टजवळ यू-टर्न आणि आलात त्याच रस्त्याने परत. एकूण २१.१ किमी. म्हणजे जवळजवळ अर्धी रेस चढ आणि अर्धी उतार. शहरातला भागसुद्धा सपाट नाहीये बरं का, सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत चढावर वसलंय त्यामुळे घाटाला हात लावायच्या आधीच पाय थोडे चढलेले असतात. रेस २०१२ ला सुरू झाली, २०१५ मध्ये गिनेस बुकात नाव गेलं डोंगरावरच्या धावण्यात सगळ्यात जास्त लोक धावले म्हणून, आणि तेव्हापासून रजिस्ट्रेशन उघडलं की भराभर भरतं. मी अलार्म लावून बसले होते, मिळालं.

जून

फक्त बेस, म्हणजे दमसासाचा पाया. आठवड्यात तीन छोटे रन आणि रविवारी लाँग रन, सगळं बोलता येईल इतक्याच वेगात. वेग बघायचाच नाही, शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का एवढं बघायचं. कोथरूडहून वेताळ टेकडी जवळ, त्यामुळे मधल्या एका दिवशी टेकडी, तिथे दगड माती खड्डे सगळं आहे, घोट्यांना छान व्यायाम होतो. शिवाय मोर दिसतात, ते वेगळंच सुख.

स्ट्रेंथ घरीच. उठाबशा पण खाली जाताना चार आकडे मोजत हळू, जिन्याच्या पायरीवरून एका पायाने हळूहळू खाली उतरणं (स्टेप-डाउन), काफ रेज (टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं). यातलं स्टेप-डाउन सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, का ते पुढे येईलच.

जुलै

पाऊस आणि जुना कात्रज घाट. पहाटे तिथे गाड्या कमी असतात, सायकलवाले भेटतात, एकमेकांना हात करत जातो. इथे चढाचे रिपीट केले, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा, सुरुवातीला छोटे, नंतर लांब.

चढावर मी एकच नियम ठेवला, किलोमीटरचा वेग घड्याळाच्या स्क्रीनवरून काढूनच टाकला आणि फक्त हार्ट रेट ठेवला. चढ लागला की त्याच वेगाने धावायला शरीराला कितीतरी जास्त ऑक्सिजन लागतो, सपाटीचा वेग धरून ठेवायला गेलं की दहा मिनिटांत श्वास फुलतो आणि मग तो लवकर खाली येत नाही. म्हणून माझा आकडा मिनिटाला १६५ ठोके. त्याच्यावर गेला की तीस पावलं भरभर चालायचं, हात जोरात हलवत, मग पुन्हा धावायचं. हे दमल्यावर करायचं नाही, दमायच्या आधी करायचं, ठरवून. बरोबरचे दोघं दादा आधी तयार नव्हते, चालायचं म्हटलं की त्यांना पटेना, पण वर पोचताना आम्ही तिघं बरोबरच असायचो आणि मी बोलू शकत असायचे, मग त्यांनीही सुरू केलं.

चढावरची पावलं छोटी, नजर पाच-सहा फुटांवर, कंबरेतून वाकायचं नाही, घोट्यापासून किंचित पुढे. वर बघत राहिलं की मान दुखते आणि वळण संपतच नाही असं वाटत राहतं.

जुलैचा शेवट ते ऑगस्ट: उतार

आता मुख्य विषय. हे नीट वाचा.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना उलटं होतं, प्रत्येक पावलाला तो लांब होत असतानाच ब्रेक लावत असतो, कारण शरीराचं सगळं वजन खाली खेचलं जात असतं आणि गुडघा वाकता वाकता ते थांबवायचं असतं. या प्रकारच्या कामात दम फारसा लागत नाही, हार्ट रेट मस्त खाली असतो, त्यामुळे आपण मजेत सुटतो, पण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होत राहते आणि ती लगेच कळत नाही. रेसमध्ये कळते ती घाट संपून शहरात आल्यावर, मांड्या थरथरायला लागतात. आणि घरी कळते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना.

चांगली गोष्ट अशी की शरीर हे फार पटकन शिकतं. एकदा उतारावर नीट धावून पाय दुखवून घेतले की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला खूप कमी दुखतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून फार वेळा करायची गरज नाही, पण रेसच्या आधी करायलाच हवं, आणि शेवटचा जोरदार उतार रेसच्या दोनेक आठवडे आधी झालेला असावा म्हणजे पाय भरून आलेले असतात.

मी यासाठी सिंहगडचा डांबरी रस्ता निवडला. गाडी रस्ता आहे, शनिवार-रविवारी गर्दी फार, म्हणून सुट्टी टाकून मधल्या वारी गेले. वर हळू चालत-धावत आणि खाली ठरवून धावत. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर कठडा धरावा लागला, नंतर तेवढाच उतार करून फक्त मांड्या जड वाटल्या, आणि ऑगस्टमध्ये तर दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर आरामात रन झाला. हा फरक अंगावर अनुभवल्यावर माझा यावर पूर्ण विश्वास बसला.

उताराचं तंत्र जे मला जमलं ते असं. पावलं छोटी आणि पटापट, पाय शरीराच्या पुढे लांब टाकायचा नाही तर खालीच टाकायचा. मागे रेलायचं नाही, मागे रेललं की टाच आपटते आणि सगळा धक्का गुडघ्यात जातो. घाटात गाडी न्यूट्रल न करता गिअरमध्ये ठेवतात ना, तसं, वेग सोडायचाही नाही आणि सारखा ब्रेकही दाबायचा नाही. हात जरा बाहेर, तोलासाठी. वळणावर आतल्या कडेला उतार जास्त तीव्र असतो आणि पावसात शेवाळ-पानं तिथेच साचतात, मधून जा. बुटाची लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून घट्ट बांधा नाहीतर पाय पुढे घसरून नखं काळी होतात, आणि नखं तीन-चार दिवस आधी कापा.

खाण्याचं पटकन सांगते. एनर्जी जेल (पाकिटातली गोड पेस्ट) मला मानवत नाही. खजूर, चिक्कीचे छोटे तुकडे आणि ओआरएस, एवढ्यावर सगळे लाँग रन केले आणि रेसमध्येही तेच.

रेसच्या आदल्या दिवशी

स्वारगेटहून एसटी. खंबाटकी घाटात खूप धुकं होतं, आणि बसमधले अर्धे लोक उद्याच्या रेसचेच असल्याचं बोलण्यावरून कळलं. बिब (छातीवर लावायचा नंबर) घेतला, गर्दी असली तरी रांग पटापट सरकत होती. मामाचं घर समर्थ मंदिराच्या बाजूला आहे त्यामुळे माझी राहायची चैन. मामीने विचारलं काय करू गं जेवायला, म्हटलं साधा वरणभात आणि तूप. कंदी पेढे समोर ठेवलेले होते, ते उद्यासाठी. नऊला आडवी झाले, झोप यथातथाच, पहिल्या रेसला तेवढं चालतंच.

रेस

पहाटे ग्राउंडवर नुसता उत्साह. कोल्हापूर, सांगली, नाशिक, मुंबई, सगळीकडचे टी-शर्ट. बारीक पाऊस, हवा गार, माझ्यासाठी आदर्श.

शहरातून निघालो आणि मी थक्कच झाले. इतक्या पहाटे लोक दारात उभे! आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या, ढोल-ताशे, लेझीम, शाळेच्या पोरी हात पुढे करून टाळ्या द्यायला उभ्या. हा जिल्हा धावणाऱ्यांना ओळखतो हो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर इथलीच, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचलेली. त्या टाळ्या देणाऱ्या पोरींमध्ये दोन-तीन जणी आमच्याबरोबर चपलांवर बऱ्याच लांबपर्यंत पळत आल्या आणि काय सुंदर पळत होत्या! मला तिथेच भरून आलं.

समर्थ मंदिरापाशी मामा-मामी छत्री घेऊन. मामा ओरडला, "सावकाश गं पोरी, घाट पुढं हाय अजून!" अगदी बरोबर सल्ला.

घाट सुरू झाला आणि १६५ चा नियम सुरू. पहिल्या वळणांवर भरपूर जण पुढे निघून गेले, जाऊ दिले. एका बाजूला खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा, ढग मध्येच पडदा टाकायचे मध्येच उघडायचे. कडेच्या दरडीवरून छोटे छोटे झरे रस्त्यावर येत होते. २०१२ मध्येच कास पठार जागतिक वारशाच्या यादीत आलं, आणि सप्टेंबर म्हणजे तिकडे फुलांचा मोसम. आपण पठारापर्यंत जात नाही पण रस्ता तोच, कडेला रानफुलं दिसतात तेवढ्यानेही चढ हलका होतो. यवतेश्वरच्या जवळ समोरून पहिले धावपटू खाली येताना दिसले. जाण्या-येण्याचा रस्ता एकच असल्याने आपल्याला त्यांचं उतरणं समोरासमोर बघायला मिळतं, हे या रेसचं मोठं भाग्य. आवाजच होत नव्हता त्यांच्या पायांचा, मी मुद्दाम त्यांची पावलं बघत होते.

यवतेश्वर गाव आलं म्हणजे संपलं असं समजू नका, पुढे यू-टर्नपर्यंत रस्ता वर-खाली होत राहतो, आणि वारा तिथे सगळ्यात जास्त. यू-टर्नला १ तास २२ मिनिटं. खजूर खाल्ला, ओआरएस, लेस पुन्हा घट्ट केली (अर्धा मिनिट गेला, शंभर टक्के वसूल).

मग उतार. पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून, मग हळूहळू सोडलं. छोटी पावलं, हात बाहेर, रस्त्याच्या मधून. चढावर पुढे गेलेले कितीतरी जण आता कडेला मांड्या चोळत उभे दिसले, काहींना पेटके आलेले, एका काकांना माझ्याकडचं उरलेलं ओआरएस दिलं. मला सिंहगडचा रस्ता आठवत होता, पायांना हे काम ओळखीचं होतं. बोगद्यापाशी आले तेव्हा मांड्या जड होत्या पण थरथरत नव्हत्या, आणि तिथे मला कळलं की ऑगस्ट कामी आला.

शहरातले शेवटचे किलोमीटर उताराचेच, पण घाटानंतर पाय लाकडासारखे चालतात म्हणून हात जोरात हलवत राहिले. पोवई नाक्याकडे गर्दी एवढी की घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं. फिनिश २ तास २८ मिनिटं, म्हणजे परतीला १ तास ६. मेडल घेतलं, दहा मिनिटं चालत राहिले, मग मामीने डब्यातून आणलेले पेढे खाल्ले तिथेच ग्राउंडवर.

नंतर

सोमवारी मांड्या दुखल्या, मंगळवारी थोड्या जास्त, गुरुवारपासून हलका रन. गुडघे ठीक, नखं सगळी जागच्या जागी.

पुढच्या वर्षीसाठी डायरीत लिहून ठेवलेलं: उताराची तयारी आहे तशीच ठेवायची, एखादा लांब उतार झाल्यावर लगेच चार-पाच किमी सपाट रस्त्यावर धावायची प्रॅक्टिस वाढवायची, कारण बोगद्यापासून फिनिशपर्यंत अजून दोन-तीन मिनिटं नक्की निघतात असं वाटतंय. ज्यांनी हा घाट बऱ्याचदा केलाय त्यांनी कृपया सांगा, तो शेवटचा शहरातला पट्टा तुम्ही कसा धावता, आणि पुण्याच्या आसपास तसा उतार-मग-सपाट रस्ता कुठे आहे? बोपदेव घाट उतरून कोंढव्याकडे यायचा विचार आहे, पण तिकडे पहाटे ट्रॅफिक कितपत असतं ते माहीत असेल तर तेही लिहा.