तुम्ही विचारलंत म्हणून: ज्युनिपरला रोज किती पाणी घालायचं?

टेबलावरचं वीतभर ज्युनिपर, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाचं बोन्साय (कुंडीत छाटून छोटं ठेवलेलं झाड), बघितलं की येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. मी म्हणते, पाण्याचं नंतर बघू. आधी सांगा, झाड ठेवणार कुठे?

"कुठे म्हणजे? घरातच. आहेच केवढंसं!"

इथेच घोळ होतो. झाड लहान आहे ते कुंडीमुळे आणि छाटणीमुळे, जात तीच उघड्यावर वाढणारी. त्याला ऊन लागतं आणि थंडीतली विश्रांतीही. खोलीत बारा महिने एकच हवा, ती विश्रांती मिळणार कुठून? उजेडाचं तर विचारूच नका. आपले डोळे सरावतात म्हणून खोली लख्ख वाटते. खिडकीपासून दोन मीटर आत ज्युनिपरच्या दृष्टीने अंधारच. म्हणून माझं झाड बाहेर असतं. पाहुणे येणार असले की एखाद्या दिवसापुरतं आत येतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझं पहिलं ज्युनिपर पुस्तकांच्या कपाटावर होतं. मातीवर शोभेचे खडे डिंकाने चिकटवलेले. मी नेमाने रोज वाटीभर पाणी घालायची, खालची बशी भरायची, मी खूश. पाणी खड्यांवरून कडेकडेने निसटत होतं आणि मधला मुळांचा गोळा ठणठणीत कोरडा होता. दोन महिन्यांनी हिरवा रंग जरा मळकट वाटला म्हणून खोडावर नखाने ओरखडा काढला. आत हिरवी ओल दिसायला हवी होती. दिसला कोरडा तपकिरी रंग. मुळं मेली तरी ज्युनिपरचा पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. थोडक्यात, मी मेलेल्या झाडाची सेवा करत होते.

जपानमधल्या एका पांढऱ्या पाइनची बोन्साय म्हणून जोपासना १६२५ पासून चालू आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते बागेच्या भिंतीआड होतं, वाचलं. १९७६ मध्ये अमेरिकेला भेट म्हणून गेलं. आणि माझं झाड कपाटावर गेलं!

तर, पाणी. रोज इतकं असं माप नाही. आइस्क्रीमची लाकडी काडी खोडाजवळ मातीत खोचा, दहा मिनिटांनी काढा. ओली, काळपट निघाली तर थांबा. जेमतेम दमट असेल तर घाला, पण मग हात आखडू नका. तळाच्या भोकांतून धार लागेपर्यंत घाला, पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. बशीतलं पाणी ओतून टाका. खडे चिकटवलेले असतील तर आधी ते उचकटा.

फवाऱ्याने मुळांची तहान भागत नाही. पाल्यावरची धूळ आणि लाल कोळी (पाल्याचा रस शोषणारी बारीक कीड) मात्र धुऊन निघतात. कोळ्याचा संशय असला तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. ठिपके चालू लागले की समजायचं.

छाटताना फांदीच्या टोकाला थोडी हिरवाई राखाच, पार भुंडी केलेली फांदी पुन्हा फुटत नाही.

बाहेर जागाच नसेल तर ज्युनिपरचा हट्ट सोडा. भरपूर उजेडाच्या खिडकीत फायकस किंवा जेडचं झाड ठेवा. तेही बारमाही हिरवे असतात आणि घरात रुळतात.

हे लिहिताना आत्ता लक्षात आलं, परवाच्या पाहुण्यांसाठी आणलेलं झाड अजून टेबलावरच आहे. ठेवून येते बाहेर.