सगळं तुम्हीच करता ना?

पुण्यात अंत्यविधीची व्यवस्था करणं हा माझा व्यवसाय. फोन येतो, पलीकडचा माणूस पत्ता सांगतो आणि बहुतेक वेळा लगेच विचारतो, "सगळं तुम्हीच करता ना? आम्हाला काही करावं लागणार नाही ना?" लग्नाकार्यात ओळख झालेली माणसंही हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

धावपळ सगळी आमची. घरी मृत्यू झाला असेल तर ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला आणायचा, नमुना ४ अ. हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर तिथून नमुना ४ मिळतो. तो दाखवून महापालिकेचा पास काढायचा. त्याशिवाय वैकुंठ स्मशानभूमीत दहन होत नाही. अपघात असेल किंवा काही संशय असेल तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. तिथे घाई चालत नाही आणि नातेवाइकांना ते समजावण्यातच अर्धा दिवस जातो. शववाहिका, विद्युतदाहिनीची वेळ, गुरुजी, परदेशातून मुलगी पोचेपर्यंत थंड शवपेटी, हेही आमच्याकडेच. पेसमेकर बसवला होता का, हे मी न चुकता विचारतो. दाहिनीच्या उष्णतेने त्याची बॅटरी फुटू शकते, म्हणून तो आधी काढून घ्यावा लागतो. पैशाचा आकडाही पहिल्याच फोनवर सांगतो. अशा वेळी लोक भाव विचारत नाहीत, म्हणून सांगण्याची जबाबदारी माझी.

पण सगळं मी करत नाही. येतं सगळं, तरी करत नाही.

बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड असं सामान घेऊन आम्ही पोचतो तेव्हा घरातले पुरुष भिंतीला टेकून उभे असतात. पूर्वी वाड्यात, चाळीत तिरडी बांधणारी माणसं ठरलेली असायची. त्यांना बोलवावं लागत नसे. आता तिशी-चाळिशीतल्या मुलांना गाठ कशी मारायची ठाऊक नसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कोणी त्यांना दाखवलेलंच नसतं. मी दाखवतो. दोन लांब बांबू, त्यांवर आडव्या कामट्या, प्रत्येक जोडाला सुतळीचे वेढे. लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही, म्हणून खाली पार्किंगमध्येच बांधायची. मुलगा, पुतण्या, जावई उकिडवे बसतात. आमच्या माणसांनी पाच मिनिटांत उरकलं असतं त्याला पाऊण तास लागतो. लागू दे. त्या वेळात माणसं बोलायला लागतात. गेलेल्या माणसाला चहा किती गोड लागायचा, गावच्या जमिनीवरून कोणाशी किती वर्षं अबोला होता, सगळं निघतं. वर हॉलमध्ये यातला एक शब्द कोणी काढलेला नसतो. मग वरून चादरीत खाली आणायचं, आणि चादरीची टोकं घरच्यांच्याच हातात द्यायची.

अंघोळीचंही तसंच. शरीर दोन-चार तासांत ताठरायला लागतं, म्हणून मी फोनवरच सांगतो: डोळे मिटवा, हनुवटीखालून पट्टी बांधा, हातपाय सरळ करा, पायाचे अंगठे एकत्र बांधा. नेत्रदान करायचं असेल तर नेत्रपेढीला आधी फोन, कारण ते ६ तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद, डोक्याखाली उशी, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस. म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच घरच्यांचा हात त्या माणसाला लागलेला असतो. घरातली बाई गेली असेल तर मी घरातल्या बायकांनाच पुढे बोलावतो. सून म्हणते, "मला नाही हो जमणार." मी म्हणतो, "वहिनी, तुम्ही फक्त केस विंचरा." विंचरता विंचरता ती म्हणते, हे हिरवं पातळ नको, आईंना ते कधीच आवडलं नव्हतं, आणि उठून कपाट उघडते. पुढचं सगळं तिला जमतं.

मुलगी अग्नी देणार असेल तर गुरुजींना आधीच कल्पना देऊन ठेवतो, दारात वाद नको. हरकत घेणारा एखादा मामा-काका निघतोच. त्याचं ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रीत घरोघर वेगळी असते. लिंगायत घरी बसवून पुरतात, तिथे जंगम, म्हणजे त्यांचे पुरोहित, सांगतील तसं. मी विचारून घेतो. माझी रीत कोणावर लादत नाही.

कोणी म्हणतील, पैसे घेऊन वर घरच्यांनाच कामाला लावता. त्यांचा राग मला कळतो. पण सगळं परक्या हातांनी झालं, आपण नुसते उभे राहिलो, असं पुढे महिनोन् महिने सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या दिवशी त्यांना दिलेला आराम त्यांना नंतर फार जड गेला.

तेराव्यानंतर मी एकदा फोन करतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. झाली का विचारतो. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघायला सांगतो, आणि प्रती भरपूर काढायला. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, प्रत्येकाला एक लागते. त्या खेपा मात्र मी घालत नाही. पहिल्यांदा सोबत हवी असेल तर येतो.