न खेळता जिंकलेलं वर्ष

फुटबॉलचं वर्ष नेमकं कधी सुरू होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. इंग्लंडमध्ये ते ऑगस्टमध्ये उगवतं आणि मेमध्ये मावळतं, ब्राझीलमध्ये डिसेंबरात गुंडाळतात, आणि मधल्या सुट्टीत देशादेशांच्या स्पर्धा पाहुण्यांसारख्या ठाण मांडून बसतात. तरीही २०१६ हे साल माझ्या डोक्यात जानेवारी ते डिसेंबर असं अख्खं बसलंय. त्या वर्षी मोठमोठ्या गोष्टी न खेळताच घडल्या.

लेस्टर सिटीचंच बघा. मोसमाआधी सट्टेवाल्यांनी त्यांना एकाला पाच हजार असा भाव दिला होता, म्हणजे जवळजवळ थट्टाच. २ मे रोजी ते इंग्लंडचे विजेते ठरले तेव्हा खेळाडू जेमी वार्डीच्या घरी टीव्हीपुढे बसले होते. प्रशिक्षक रानिएरी तर त्या दिवशी आईसोबत जेवायला इटलीला गेलेले! त्यांना गाठू शकणारा एकमेव संघ टॉटनहॅम चेल्सीविरुद्ध २-० असा पुढे होता आणि चेल्सीने बरोबरी साधली. दुसरा गोल हॅझार्डचा, ८३व्या मिनिटाला. मावळत्या विजेत्यांनीच नव्यांची वाट मोकळी केली. वार्डीच्या घरातला तो कल्लोळ मी किती वेळा पाहिलाय, मोजलेलं नाही.

मग १० जुलै, युरो स्पर्धेची अंतिम लढत, पोर्तुगाल विरुद्ध फ्रान्स. आदल्या रात्री दिवे चालू राहिल्यामुळे पॅरिसजवळच्या त्या स्टेडियमवर किडे-पतंगांचे थवे उतरले होते. गुडघ्याच्या दुखापतीने रोनाल्डो रडत खाली बसला, तर एक पतंग त्याच्या चेहऱ्यावर येऊन बसला. २५व्या मिनिटाला त्याला स्ट्रेचरवरून नेलं. पण गडी आत कुठला बसतोय? जादा वेळेत हा लंगडत सीमारेषेवर, प्रशिक्षकाच्या शेजारी उभा राहून हातवारे करत होता. १०९व्या मिनिटाला पोर्तुगालचा गोल केला तो बदली आलेल्या एडेरने. (गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवलेला संघ युरोप जिंकतो, हे मला आजही किंचित अन्यायाचं वाटतं.)

मेस्सीचं उलट झालं. तो कोपा अमेरिकाची अंतिम लढत पूर्ण खेळला, पेनल्टी गोलवरून मारली, चिली जिंकलं आणि हा म्हणाला, आता देशासाठी खेळणं पुरे. ऑगस्टमध्ये परतलाही.

आणि नोव्हेंबर. ब्राझीलचा चापेकोएन्से हा छोटा क्लब कोपा सुदामेरिकाना या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणापर्यंत गॅसवर होता. गोलरक्षक दानिलोने अगदी जवळून आलेला चेंडू पायाने अडवला आणि संघ अंतिम फेरीत गेला. त्या फेरीसाठी निघालेलं विमान २८ तारखेच्या रात्री कोलंबियातल्या मेदेयिनजवळ कोसळलं. ७१ माणसं गेली, त्यात दानिलोही. तो पाय मी अधूनमधून पाहतो. एरवी असा बचाव पाहून आपण टाळ्या वाजवतो. इथे मात्र मनात येतं, एवढा एक गोल होऊ द्यायचा होतास रे.

प्रतिस्पर्धी अॅटलेटिको नॅसिओनालने विनंती केली की चषक चापेकोएन्सेलाच द्या, आणि तो दिलाही गेला. त्याआधी ३० तारखेला, सामन्याच्या ठरलेल्या वेळी, मेदेयिनचं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी तुडुंब भरलं. हातात मेणबत्त्या. मैदानात ना चेंडू, ना पंच. आणि घरच्या संघाचे पाठीराखे पाहुण्या संघाच्या नावाने ओरडत होते, चला, चला, चापे.