त्यांचे सर आहेत ना, मग तुम्ही कशाला जाता?

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की आता समोरच्याचं तोंड उघडायच्या आधीच कळतं. मावशीनं विचारलं, होस्टेलच्या रूममेटनं विचारलं, एकदा तर व्हायव्हाला आलेल्या एक्स्टर्नलनी माझा प्रोजेक्ट बाजूला ठेवून हेच विचारलं. तुम्ही एमएस्सीची पोरं, तुमचंच सबमिशन वेळेवर होत नाही, आणि शनिवारी सकाळी साडेपाचची एसटी पकडून आश्रमशाळेत नववी-दहावीला जेनेटिक्स शिकवायला जाता, का? त्यांचे सर आहेत ना? आणि याच्या पाठोपाठ दुसरा, सर्टिफिकेट मिळतं का?

सर्टिफिकेट नाही मिळत. पहिल्याचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही सहा जण, नागपूरचे. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो आणि आरमोरीच्या पुढं आमची शाळा. निवासी शाळा, त्यामुळे शनिवारी दुपारीही पोरं तिथंच, कुठं जाणार. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही फार तयारीनं गेलो होतो. लॅपटॉप, प्रोजेक्टर, बेचाळीस स्लाइड. सातव्या स्लाइडला लाइट गेली आणि खरं सांगू का, बरं झालं गेली, कारण समोरची पोरं अत्यंत सभ्यपणे ऐकत होती आणि एकाच्याही डोळ्यात काही हलत नव्हतं. ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन, म्हणजे डीएनएवरून आरएनए आणि त्यावरून प्रथिन, मी बोलतेय आणि मलाच ऐकू येतंय की हे सगळं मी पाठ केलेलं आहे. मागं बसलेल्या त्यांच्या विज्ञानाच्या सरांनी नंतर एवढंच म्हटलं, एवढं तं मी पण शिकवतो मॅडम.

दुसऱ्या वेळी केळी नेली. हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. पिकलेलं केळं पिशवीत कुस्करायचं, त्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घालायचं, फेस होऊ द्यायचा नाही, चहाच्या गाळणीनं गाळायचं आणि ग्लासच्या कडेनं अगदी हळू थंडगार अल्कोहोल सोडायचं. साबणानं पेशीचं आवरण फुटतं कारण ते चरबीचं असतं, खरकट्या ताटाचा तेलकटपणा जातो तसंच. मिठामुळे डीएनए एकत्र यायला मदत होते आणि अल्कोहोलमध्ये तो विरघळत नाही म्हणून वर तरंगत येतो, पांढरा, चिकट, शेवयांसारखा. पोरांच्या भाषेत शेंबूड. तो काही अगदी शुद्ध डीएनए नसतो, त्यात प्रथिनं आणि बाकी कचरा असतो, हे आम्ही सांगतो, कारण नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल मी डीएनए पाहिला, डबल हेलिक्स, तो दुहेरी पीळ, दिसला. दिसत नाही. पण काडीवर गुंडाळून वर उचलला की वर्गात जो आवाज होतो ना, तो आवाज आमच्या बेचाळीस स्लाइडना कधी आला नव्हता.

यात दोन भानगडी. एक म्हणजे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि माझ्या सॅकमध्ये अल्कोहोल असं ठळक लिहिलेली बाटली. पिण्याचं नव्हेच ते, आयसोप्रोपिल, पण कंडक्टरला कोण समजावणार, मी पूल आल्यापासून सॅक मांडीवर घेऊन चोरासारखी बसले होते. दुसरी म्हणजे मार्च महिना, बर्फ भिवापूरपर्यंतच पाणी झाला होता. कोमट अल्कोहोलनं शेवया येतात पण अगदीच मरतुकड्या. शेवटी आरमोरीच्या स्टँडवर रसवंतीवाल्याकडून दहा रुपयांचा बर्फ घेतला आणि त्यानं विचारलं, रस नको नुसता बर्फ कशाले? आता आम्ही नागपूरहून बर्फ नेतच नाही.

एका पोरीनं विचारलं केळ्याला बी काहून नसते. मी सांगितलं, आपल्यात गुणसूत्रांचे दोन संच, आपण खातो त्या केळ्यात तीन, आणि तीनाचे सारखे दोन वाटे करता येत नाहीत म्हणून बी धरत नाही. ती म्हणाली, मग झाड कसं येते? मी टिश्यूकल्चर वगैरे सुरू केलं तर तिनं मध्येच सांगितलं, आमच्याकडं कंद लावते. तिला उत्तर माहीत होतं, ती माझी परीक्षा घेत होती.

धानाचंही तसंच. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल आम्हाला फार लांबचा वाटायचा, ब्रनोचा मठ, वाटाणे, १८६५ चं भाषण. मग आमच्यातल्या एकाला सुचलं की आपण येताना दरवेळी नागभीडवरून येतो, त्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जेमतेम तिसरी शिकलेले. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या, आणि त्यातून जे आलं त्याला घड्याळाच्या कंपनीवरून एचएमटी नाव पडलं. म्हणजे आपण जो भात खातो तो. २०१८ मध्ये ते गेले. वर्गात हे सांगितलं तेव्हा निम्म्या पोरांना एचएमटी हे माणसाच्या निवडीतून आलंय हेच माहीत नव्हतं, आणि एकानं लगेच विचारलं, तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या पण त्या वेगळ्या झाल्या कशानं? म्युटेशन, म्हणजे जनुकात झालेला बदल, हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मागितल्यावर दिला.

आता चूक. ही माझीच, दुसऱ्या कोणाची नाही. तिसऱ्या वेळी मी जिभेची नळी करायचा खेळ घेतला. सगळ्यांनी जीभ गोल करा, ज्याला येते त्याच्यात प्रभावी जनुक, म्हणजे एकच असलं तरी गुण दिसतो असं, घरी आईबाबांना करायला लावा, पुढच्या वेळी तक्ता करू. पुढच्या वेळी एक मुलगा आला, त्याला येते आणि घरी दोघांनाही येत नाही. माझ्या तक्त्याप्रमाणे हे शक्यच नाही, आईबाबांपैकी एकाला तरी यायलाच हवी. कोणीतरी मागून म्हणालं, तुले आणलं असन बे कुठून. सगळे हसले, तोही हसला, पण नंतर पूर्ण तास त्यानं हात वर केला नाही.

रात्री होस्टेलला येऊन शोधलं तर कळलं की हे जिभेचं गणित कधीच मोडीत निघालंय. १९४० मध्ये अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या जनुकशास्त्रज्ञानं ते मांडलं, १९५२ मध्ये ३३ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या तपासल्या तर त्यातल्या ७ जोड्यांमध्ये एकाला नळी जमते आणि दुसऱ्याला नाही, आणि पुढं स्टर्टेव्हंटनं स्वतःच ते मागं घेतलं. कानाच्या पाळीचंही तसंच, एका जनुकाचं काम नाही ते. तरी आपण शिकवतो. मी एमएस्सी करतेय आणि मी शिकवलं. पुढच्या शनिवारी मी वर्गापुढं उभं राहून सांगितलं की मागच्या वेळी मी चूक शिकवलं, आणि त्या मुलाचं नाव न घेता जुळ्यांचं सांगितलं. त्याला कितपत पोचलं माहीत नाही. तेव्हापासून आमचा नियम, कोणाच्याही खऱ्या घराबद्दल वर्गात विचारायचं नाही. रक्तगट नाही, जीभ नाही, आणि कार्ड तर नाहीच नाही.

कार्ड म्हणजे सिकलसेलचं, आईबाबांकडून येणारा रक्ताचा आजार, ज्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर हे कदाचित धड्यातलं एक उदाहरण असेल, दात्रपेशी पांडुरोग, दोन मार्कांना टीपा लिहा. इकडं तसं नाही. इकडं प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी एएस पॅटर्नचं असतंच, म्हणजे आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं, फक्त वाहक, एखादं एसएस पण असतं, दोघांकडून आलेलं, म्हणजे खरंच आजारी, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या घेणारं, थंडी पडली की सांधे धरून बसणारं. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट आहे, तपासण्या होतात, कार्ड मिळतं, आणि ते कार्ड कपाटात जातं. एएस म्हणजे काय हे विचारलं तर बहुतेक पोरं म्हणायची, थोडासा आजार. आणि कोणाकडून आला तर, आईकडून.

म्हणून आम्ही दोन डबे नेतो. एक आईचा, एक बाबांचा, दोघंही एएस, घर काल्पनिक. प्रत्येक डब्यात दहा पांढरे, दहा लाल, पांढरं म्हणजे चांगलं जनुक, लाल म्हणजे आजाराचं. सुरुवातीला पांढरी बरबटी, म्हणजे चवळी, आणि लाल राजमा घेतला होता, पण राजमा मोठा असतो, पोरं हातानं चाचपून बरोबर बरबटीच काढायची, एकाही घरात आजारी मूल जन्मेना. आता शर्टाची बटणं वापरतो, एकाच मापाची. प्रत्येक डब्यातून न पाहता एक एक काढायचं, दोन्ही लाल म्हणजे एसएस, लिहायचं, परत टाकायचं, असं चार मुलांसाठी चार वेळा.

दोघंही एएस असले की मूल एसएस व्हायची शक्यता चारात एक. हे करायच्या आधी पोरांना विचारलं की चारात एक म्हणजे काय, तर उत्तर ठरलेलं, पहिलं आजारी निघालं तर पुढची तीन चांगली. आणि मग बटणं काढली की एका गटात चारपैकी तीन एसएस येतात, शेजारच्या गटात एकही नाही, आणि भांडण सुरू. तुमचा डबा खराब आहे ताई. डबे बदलून देते, पुन्हा तसंच काहीतरी. मग फळ्यावर आठही गटांची बेरीज करतो, बत्तीस मुलांत नऊ एसएस, जवळपास चौथा हिस्सा. इथं मेंडेल कामाला येतो, त्यानं ७३२४ वाटाणे मोजले होते, ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, एवढे का मोजले असतील हे तेव्हा आपोआप कळतं. डब्याला आठवण नसते, आधी काय निघालं हे त्याला ठाऊक नसतं, हे वाक्य माझं नाही, दहावीतल्या एका मुलीचं आहे.

हीच बटणं मुलगा की मुलगी यालाही चालतात, आईच्या डब्यात एकच रंग, एक्स, बाबांच्या डब्यात दोन, एक्स आणि वाय, म्हणजे मुलगा की मुलगी हे बाबांच्या डब्यावर ठरतं. हे झाल्यावर एक पोरगा गंभीरपणे म्हणाला, आता हे आजीले कोण सांगन.

नेमकं काय बिघडतं हेही सांगावं लागतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यातलं सहावं बदलतं, ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन, आणि त्याचं कारण डीएनएतलं एकच अक्षर. फळ्यावर लिहिलं, आईने वरण केलं, आणि म्हटलं एक अक्षर बदला. दोन सेकंदात पोरांनी मरण केलं. मला याहून चांगलं उदाहरण अजून कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. आणि एवढं वाईट अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं कसं, तर मलेरिया. एएसवाल्याला गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन या संशोधकानं आफ्रिकेत ते दाखवलं. गडचिरोलीच्या पोरांना मलेरिया काय ते सांगावं लागत नाही, ताप आला की बोटाला सुई टोचलीच म्हणून समजा. जंगल, डास, ताप आणि रक्त हे एका ओळीत बसलं की अमक्या जातीचाच आजार वगैरे जे बोललं जातं ना, त्यातली हवा जाते.

आणि मग त्या दिवशी एक मुलगा डब्यात वाकून पाहत होता. मी म्हटलं, पाहून काढायचं नाही. तो म्हणाला, काहून? आईबापाले पाहून काढता आलं असतं तं त्यायनं पाहून नसतं काढलं?

मी गप्प. असं पाहता येतं की. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा तुकडा घेऊन गर्भाला एसएस आहे का ते सांगता येतं. १९९४ चा कायदा लिंग सांगायला बंदी करतो, पण अशा आजाराची तपासणी नियमांत बसवून करू देतो. हे मी सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. खिडकीजवळच्या एका मुलीनं विचारलं, पाहिलं, आणि दोन्ही लाल निघाले, मग? वर्ग एकदम शांत. त्या वर्गात एसएसचं पोर असू शकतं हे मला माहीत होतं, कोण ते माहीत नव्हतं, आणि मी जे काही बोलेन ते त्याच्याबद्दल असणार होतं. मी म्हटलं, ते त्या आईबाबांनी ठरवायचं. पळवाट होती, मलाही कळलं.

तेव्हा मागून सर उठले. एरवी तासभर वही तपासत बसणारे. ते पुढं आले, डबा हातात घेतला आणि म्हणाले, आपल्याच शाळेतून एसएस असलेली पोरं शिकून गेली, एक नर्सिंगला आहे, एकाचं दुकान आहे, गोळ्या वेळेवर घेतात, पाणी पितात, दुखलं तर दवाखान्यात जातात. एवढंच. मग म्हणाले, पुढचा गट या, बटणं काढा. काय बोलायचं आणि कुठं थांबायचं हे त्यांना माहीत होतं, कारण ते त्या पोरांच्या घरी गेलेले आहेत, मी नाही.

तर हो, त्यांचे सर आहेत. त्यांना पोर्शन संपवायचा असतो, खिचडीचा हिशोब असतो, ऑनलाइन माहिती भरायची असते, डबे आणि बटणं जमवायला वेळ नसतो. तो आमच्याकडं आहे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, म्हणाले डबे आणि अल्कोहोल घेऊन या, यंदा नववीचा तास मीच घेतो, तुम्ही मागं बसा. आणि हो, बर्फ आणू नका, किचनमध्ये फ्रिज आलाय.